दुष्काळी रस्ता

पुण्यात आणि आसपास सायकल चालवणाऱ्या मंडळींचे काही ठरलेले रस्ते आहेत. खडकवासला, तिथून पुढे पानशेत. मुळशी, तिथून पुढे ताम्हिणी. पूर्वेला लोणी, उरुळी, पाटस ह्या बाजूला कॅनॉलच्या कडेकडेनं. रविवारी पहाटे निघायचं, वाटेत पोहे-चहा, ऊन चढायच्या आत परत. किती किलोमीटर झाले, चढ किती मीटरचा होता, पंक्चर किती झाली, हे सगळं घरी आल्यावर उत्साहानं सांगायचं आणि घरच्यांनी "बरं, आता अंघोळ कर" म्हणायचं. हे सगळं मीही गेली काही वर्षं करतोय.

पण मला इतिहासाची खोड आहे, हे नेहमीच्या वाचकांना (आणि कंटाळलेल्या नातेवाइकांना) ठाऊक आहेच. एखाद्या रस्त्यावरून चार-पाच वेळा गेलो की तो इथूनच का जातो, कुणी काढला, कुणी बांधला, असे प्रश्न पडायला लागतात. गाडीतून जाताना हे होत नाही. सायकलवर मात्र रस्त्याचा प्रत्येक उतार गुडघ्यांना कळतो.

कॅनॉलकडेचा रस्ताच घ्या. तो जवळजवळ सपाट असतो, पण सरळ कधीच नसतो. एखाद्या टेकडीला लांब वळसा घालतो, ओढा आला की आत शिरतो, मोरीवरून पलीकडे जातो आणि पुन्हा बाहेर येतो. पाणी आपल्या वजनानं वाहायला हवं, म्हणून कालव्याला अगदी थोडा आणि सारखा उतार ठेवावा लागतो. त्यासाठी तो डोंगराच्या एकाच उंचीची रेघ धरून चालतो. शेजारचा रस्ता हा कालव्याची देखरेख करणाऱ्यांसाठी. पाटकऱ्यानं चारीची दारं उघडायची, साहेबानं घोड्यावरून पाहणी करायची, भराव कुठे खचलाय ते बघायचं. आपल्याला मिळणारी ती मऊ, विनाचढाची राइड म्हणजे त्या हिशोबाची फुकटची कमाई आहे.

पुण्याजवळचा मुठा उजवा कालवा खडकवासल्याच्या धरणातून निघतो. धरणाचं काम 1860 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि 1879 च्या सुमारास पूर्ण झालं. योजना कर्नल फाइफ ह्या लष्करी इंजिनियरची, म्हणून तलावाचं सरकारी नाव 'लेक फाइफ'. छावणीला आणि शहराला पिण्याचं पाणी आणि पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्याला शेतीचं पाणी, असा दुहेरी हेतू. पुढे 1903 मध्ये विश्वेश्वरय्यांनी इथेच आपले स्वयंचलित दरवाजे बसवले. हे सगळं पुस्तकांत सापडतं, इंजिनियर मंडळी ते अभिमानानं सांगतात, आणि सांगावंच.

पण माती कुणी वाहिली?

धरणाचं काम चालू असतानाच, 1876 मध्ये, दख्खनात पाऊस दडी मारून बसला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, विजापूर हा सगळा पट्टा होरपळला. दक्षिणेत मद्रास, म्हैसूरपर्यंत दुष्काळ पसरला आणि 1878 पर्यंत त्यानं लाखो माणसं नेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, कालवे, रेल्वेचे भराव. दौंड-मनमाड रेल्वेचं मातीकाम तेव्हाचंच, आणि ती गाडी 1878 मध्ये सुरू झाली. पाटसजवळचा माटोबा तलाव, जो मुठा कालव्याच्या पाण्यानं भरतो, तोही दुष्काळी काम म्हणूनच उभा राहिला. आज आपण तिथे सायकल टेकवून पक्षी बघतो.

जानेवारी 1877 मध्ये दुष्काळाची पाहणी करायला व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपल ह्यांना पाठवलं. ह्याच टेंपलनं 1874 च्या बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले होते, आणि त्याबद्दल 'फार खर्च केला' म्हणून बोलणीही खाल्ली होती. ह्या वेळी त्यांनी ती टीका मनावर घेतली असावी. दिवसभर राबणाऱ्या गड्याला 1 पौंड, म्हणजे साधारण 450 ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढीच मजुरी पुरेशी आहे असं त्यांनी ठरवलं. बायका आणि पोरांना त्याहून कमी. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी आकडेमोड करून सांगितलं की कष्टाचं काम करणाऱ्याला किमान दीड पौंड धान्य आणि शिवाय भाजी-डाळ लागतेच. त्यावर वाद झडले, कागद फिरले.

मी एकदा घरी काट्यावर 450 ग्रॅम ज्वारी मोजून बघितली. ताटात ढीग दिसतो. पण चार-पाच तास सायकल मारून आलेला माणूस दिवसभरात काय काय रिचवतो ते आठवलं (आमच्या घरी ते सगळ्यांना आठवतं!) आणि मग त्यावर खडी फोडणारा, पाट्या वाहणारा माणूस ठेवून बघितला. शिवाय त्याला न मळलेलं, न भाजलेलं कोरडं धान्य हे एवढंच.

लोकांनी हे मुकाट सोसलं असंही नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कमी केलेल्या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि कामं सोडून दिली. उपाशी माणसांनी संप करावा, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटली नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांवर पत्रं धाडली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी सत्यशोधक मंडळींना घेऊन दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या जेवणाची सोय केली.

जोतीरावांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. ते स्वतः कंत्राटदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. चुना, दगड, मजूर, मुकादम, हजेरी, लाच, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं होतं. 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये पाटबंधारे खात्यावर ते जे आसूड ओढतात, ते ऐकीव माहितीवर नाहीत. आणि नुसती टीका करून ते थांबत नाहीत. पाऊस पडल्या जागी अडवा, तळी-बंधारे बांधा, रिकाम्या बसलेल्या पलटणीच्या लोकांना ह्या कामाला लावा, असं ते सुचवतात. पाणलोट विकास हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी!

टेंपल पुढे 1877 मध्येच मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळावर आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल 1880 मध्ये आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. दुष्काळात सरकारनं काम द्यायचं, ही गोष्ट कागदावर पक्की झाली.

हे फार जुनं वाटत असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. आमच्या काकूंचं माहेर दौंडच्या बाजूचं. 72 चा विषय काढला की त्या आधी मिलोचं नाव घेतात. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी थापता यायची नाही. मग सुकडी. मग खडी फोडायचं काम. "अरे, तुम्ही सायकली घेऊन जाता ना, त्या फाट्यापासून आत? तो रस्ता आमच्या हातचा. आम्ही अजून त्याला दुष्काळी रस्ताच म्हणतो," हे त्यांनी मला अगदी सहज, भाजी निवडता निवडता सांगितलं. वय तेव्हा चौदा-पंधरा. आई खडी फोडायची, ह्या पाट्या वाहायच्या, मुकादम मस्टरवर अंगठा घ्यायचा.

मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. पण 1877 आणि 1973 मध्ये एक मोठा फरक आहे. ह्या वेळी लोक मोर्चे काढू शकत होते, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, आणि माणसं तशी मोठ्या संख्येनं भूकबळी पडली नाहीत. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशभरासाठी तसा कायदा आला. आपल्याकडचे कितीतरी गाव-रस्ते, पाझर तलाव, नालाबांध हे ह्या दुष्काळी आणि हमीच्या कामांचे.

आता पश्चिमेकडे वळू. ताम्हिणीचा रस्ता म्हणजे सगळ्यांचा लाडका. डाव्या-उजव्या हाताला डोंगर, मुळशीचं पाणी, मग घाटातलं दाट जंगल. 2013 मध्ये त्यातला काही भाग अभयारण्यही झाला. इथे दुष्काळाचा प्रश्नच नाही, पाऊस नुसता कोसळतो. पण त्या पावसापायीच इथली खाचरं गेली. मुंबईच्या विजेसाठी टाटांनी मुळशीला धरण बांधायचं ठरवलं, मावळ्यांची भाताची जमीन पाण्याखाली जाणार हे दिसलं, आणि 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ह्याच लढ्यात 'सेनापती' झाले. 52 गावांचा प्रश्न होता. लढा हरला. बापट तुरुंगात गेले, आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरू लागलं. आपण ज्या निळ्याशार तलावाशी फोटो काढतो, त्याच्या तळाशी आंबेमोहराची खाचरं आहेत.

कुणी म्हणेल, मग काय सायकल चालवायची नाही? छे, चालवायची की! मी येत्या रविवारीही जाणार आहे. हे वाचून कुणाचा आनंद कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही. माझा तर वाढला. पूर्वी माटोबा तलावाचा बांध मला नुसता बांध दिसायचा. आता त्यात पाट्या दिसतात.

मला खटकतं ते एवढंच, की ह्या रस्त्यांवर आपण खुणा कुणाच्या ठेवल्या ते बघितलं तर फाइफ सापडतो, टेंपलची कागदपत्रं सापडतात, पण माती वाहणाऱ्यांच्या नावाचा साधा दगडही सापडत नाही. 1877 चे लोक तर गेले. 72 चे मात्र अजून आहेत. वय सत्तरीच्या आत-बाहेर, गुडघे दुखतात, पण कुठला रस्ता कुणी केला, मुकादम कोण होता, किती पैसे मिळायचे, हे त्यांना लख्ख आठवतं. आणखी दहा-पंधरा वर्षांनी सांगायला कुणी उरणार नाही.

म्हणून एक विनंती. नाशिकची मावशी, बार्शीचे भाऊकाका, आणि वाचणारे सगळेच, आपापल्या गावाजवळचा एक तरी दुष्काळी रस्ता, तलाव किंवा बांध शोधा, आणि तिथे काम केलेल्या माणसाशी बोलून चार ओळी लिहून पाठवा. मी काकूंपासून सुरुवात केली आहे. त्यांच्या बरोबर काम केलेल्या आठ बायकांची नावं त्यांनी एका दमात सांगितली, ती वहीत उतरवून घेतली आहेत. त्यांतल्या तिघी अजून त्याच गावात आहेत. आता त्यांना भेटायचं आहे.