शब्दवेध : नीळ ते अनिलीन

संस्कृतात ‘नीली’ म्हणजे नीळ देणारे झुडूप. व्यापाऱ्यांसोबत हा शब्द अरबीत ‘अन्-नील’ झाला, पोर्तुगिजांकडे ‘अनिल’. एकोणिसाव्या शतकात फ्रिट्झशे या रसायनशास्त्रज्ञाने निळीपासून मिळालेल्या तेलकट द्रवाला त्यावरूनच ‘अनिलीन’ नाव दिले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना अनिलीनमधूनच जांभळा रंग गवसला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले.

सावंगी (मेघे)सारख्या वैद्यकीय शिक्षणाच्या गावात काचपट्टीवरच्या पेशी रंगवणारा मिथिलीन ब्लू ओळखीचा. १८७६ चा तोही याच कुळातला. सांडपाण्यातले असे रंग सहजी कुजत नाहीत, पाण्यात उतरणारा उजेडही अडवतात. म्हणून ते तोडण्यासाठी संशोधक टिटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांना दुसऱ्या पदार्थाची जोड देतात. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उसळतो, जोडीदार त्याला लगेच जागेवर परतू देत नाही आणि तयार झालेले हायड्रॉक्सिल मूलक रंगाचा रेणू तोडतात. अशा कणांच्या कसोटीला बहुधा मिथिलीन ब्लूच घेतात, कारण निळेपणा ओसरताना डोळ्यांना दिसतो.

झुडपातून निघालेली नीळ जगभर फिरली. तिच्या वारसांनी रंगवलेले पाणी पुन्हा निर्मळ करणे हे आपल्यावरचे ऋण आहे.