शार्दुल ठाकूर : चौथ्या गोलंदाजाचे मोल

पालघरचा शार्दुल ठाकूर बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असताना प्रतिस्पर्धी शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला आणि बोरिवलीच्या त्या शाळेत आला.

२०१८ मध्ये हैदराबादेतील कसोटी पदार्पण दुखापतीमुळे १० चेंडूंतच आटोपले. २०२१ मध्ये ब्रिस्बेनला प्रमुख गोलंदाज जायबंदी असताना त्याने ७ बळी टिपले, ६७ धावाही केल्या. २०२२ मध्ये जोहान्सबर्गला एकाच डावात ६१ धावांत ७ बळी.

तरीही २०२५ मध्ये लीड्सला संपूर्ण सामन्यात त्याला १६ षटकेच मिळाली. पुढच्या कसोटीत तो संघाबाहेर होता.

फलंदाजीने त्याला संघाचे दार उघडून दिले. त्याच फलंदाजीमुळे त्याच्यातील गोलंदाज दुय्यम ठरला. चौथ्या गोलंदाजाचे मूल्यमापन बळींइतकेच हाती आलेल्या षटकांवरूनही व्हावे.