न पडलेला ठोका

आधी डोळे अंधाराला सरावू द्या. साल १९५८, गाव बर्कले, विद्यापीठाची डॉनर लॅबोरेटरी. ऑसिलोस्कोपच्या गोल काचेवर एक ठिपका चमकतो आणि विझतो. जरा पलीकडे दुसरा. मग काही क्षण काहीच नाही, मग लागोपाठ तीन. पत्र्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडावेत, तसं. शेजारी खुर्चीत बसलेल्या माणसाने किरणोत्सारी आयोडीन घेतलंय. ते त्याच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसलंय, आणि तिथून सुटलेला एकेक गॅमा किरण इथे ठिपका होऊन येतोय. ठिपक्यांकडे बघून काही कळत नाही. पण काचेला पोलरॉइड कॅमेरा लावून त्याचं शटर काही मिनिटं उघडं ठेवलं, की सगळे ठिपके एकाच फिल्मवर साठतात आणि पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ग्रंथी दिसायला लागते.

हे यंत्र हॅल अँगर यांचं. शिशाच्या शंकूला बारीक भोक, आत चार इंच व्यासाचा सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल, आणि त्याच्या पाठीला चिकटून उजेडाची वीज करणाऱ्या सात फोटोमल्टिप्लायर ट्यूबा. काळात मागे येता आलंय, तर तो जरा रोखून धरायलाही हरकत नसावी. रोखा. एक किरण भोकातून आत येतो, क्रिस्टलमध्ये अडतो, आणि तिथे मंद निळसर उजेड फुटतो. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या पाव हिश्श्यात त्यातला बराचसा उजेड विझलेलाही असतो. पण तेवढ्यात सातही ट्यूबांनी तो पाहिलाय: जवळचीने भरपूर, लांबचीने पुसटसा. डावीकडच्या ट्यूबांचा विजेचा दाब एका तारेत, उजवीकडच्यांचा दुसऱ्या. एकातून दुसरा वजा केला की कळतं, उजेड आडव्या दिशेने कुठे पडला. वर-खाली तसंच. क्ष इतका, य इतका. सगळ्या ट्यूबांची बेरीज म्हणजे किरणाची ऊर्जा. ऊर्जा कमी भरली, तर तो किरण वाटेत शरीरातच कुठेतरी धडकून वळून आलाय; त्याचा पत्ता खोटा, त्याला काढून टाका.

हे सगळं नुसत्या विजेच्या दाबांवर होतंय. कागदावर किंवा कशातही एक आकडा लिहिला गेलेला नाही. मला अँगर यांच्या या युक्तीचं कौतुक वाटतं ते म्हणूनच, आणि तिची मर्यादाही तीच. फिल्म ओढून काढली की संपलं. डावा पंख उजव्यापेक्षा फिका का, किती फिका, हे ठिपके दाट झाल्यावर तिला विचारता येत नाही. पुन्हा बघायचं तर माणसाला पुन्हा खुर्चीत बसवायचं.

आता काळ सोडा आणि पुढे चला. १९७६. मेरिलँडमधलं बेथेस्डा, नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं क्लिनिकल सेंटर. या वेळी टेबलावर उताणे तुम्हीच पडलेले आहात. छातीला ईसीजीच्या तारा, पाय सायकलच्या पेडलवर, आणि डाव्या बाजूने तिरका झुकून छातीला जवळजवळ टेकलेला गॅमा कॅमेरा. तो अवजड आहे, पण त्याचा आवाज अजिबात नाही. थोड्या वेळापूर्वी शिरेतून टेक्नेशियम दिलंय, रक्तातच फिरत राहील अशा रूपात. सहा तासांनी निम्मं होणारं, १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण सोडणारं. तुमचं रक्त आता आतून उजळलंय, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

अडचण साधी आहे. हृदयाचा एक ठोका पाऊण सेकंदाचा. तो दाखवायला निदान सोळा चित्रं हवीत. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यात कॅमेऱ्याला मिळणारे किरण इतके तुरळक की चित्र कसलं, वर म्हटलेला पत्र्यावरचा पाऊस. एका ठोक्यात हृदय दिसूच शकत नाही.

म्हणून मायकल ग्रीन, स्टीफन बॅकरॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला ईसीजीकडे लक्ष ठेवायला बसवलंय. १९७५मध्ये ग्रीन आणि इतर काही सहकाऱ्यांनी ही रीत छापलीय. ईसीजीत दर ठोक्याला उमटणाऱ्या आर लहरीचं टोक आलं की संगणक पहिल्या चित्राशी येतो. पन्नास मिलिसेकंदांनी दुसऱ्या, मग तिसऱ्या, असा सोळाव्यापर्यंत. पुढचं टोक आलं की पुन्हा पहिल्याशी. प्रत्येक चित्र म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद समजा: चौसष्ट आडव्या ओळी, चौसष्ट उभ्या, एकूण ४०९६ घरं. सुरुवातीला प्रत्येक घरात शून्य. किरण आला, अँगर यांच्याच रीतीने क्ष आणि य ठरले, त्या दाबांचं संगणकाच्या दाराशी आकड्यांत रूपांतर झालं, आणि त्या क्षणी चालू असलेल्या कागदावरच्या त्या घरात एक मिळवला. संपूर्ण काम एवढंच. एक मिळव. एक मिळव. तुम्ही पेडल मारताय, नाडी १२०वर गेलीय, दोन मिनिटांत दोनशे चाळीस ठोके पडतात, आणि त्या सगळ्या ठोक्यांचे पहिले तुकडे पहिल्या कागदावर, दुसरे दुसऱ्यावर साचत जातात. (नाडी वाढली की तुकडेही अर्थातच आखूड करावे लागतात.)

मान वळवून पडदा बघा. राखाडी, खडबडीत चौकोनांचं हृदय उघडतंय, मिटतंय, उघडतंय. बघताना अंगावर काटा येतो. पण हा ठोका तुमच्या छातीत कधी पडलेलाच नाही. दोनशे चाळीस ठोक्यांची पंगत बसवून त्यातून तयार केलेला हा दोनशे एक्केचाळिसावा आहे. आणि सोळा चित्रांची फेरी संपता संपता चित्र किंचित फिकं होतं, तेही लक्षात घ्या. काही ठोके इतरांहून लवकर आटोपतात. त्यांनी शेवटच्या कागदांवर काही टाकलेलंच नसतं. नवख्याला वाटतं, हृदयातलंच काही बिघडलं.

त्याहून वाईट म्हणजे अवेळी आलेला चुकार ठोका. त्याचे तुकडे भलत्याच कागदांवर पडतात, आणि आमटीत पडलेलं जास्तीचं मीठ जसं परत वेचता येत नाही, तसे ते बेरजेतून काढता येत नाहीत. यावर एक उपाय असा की ठोका आधी दाराशी थांबवून ठेवायचा. लांबी ठीक भरली तरच पंगतीत घ्यायचा. दुसरा उपाय जास्त खानदानी: बेरीज करायचीच नाही. आलेल्या प्रत्येक किरणाचा पत्ता एकाखाली एक उतरवून घ्यायचा, मधे मधे वेळेच्या आणि आर लहरीच्या खुणा घालायच्या, आणि मांडामांड नंतर निवांत करायची. याला लिस्ट मोड म्हणतात. किराणा दुकानात महिनाअखेरचा आकडा ठेवण्याऐवजी रोजची वही ठेवावी, तसं. चूक सापडली तर वही पुन्हा उलगडता येते.

वही ठेवायची कुठे, हा प्रश्न. त्यासाठी तीन वर्षं पुढे या, १९७९मध्ये, अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात. रुग्ण नाही, नुसती खोली. एसी चालू, कपाटाएवढा पीडीपी-११ घरघरतोय. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन त्याच्याबरोबर गॅमा-११ नावाची खास याच कामाची यंत्रणा विकते. आरके०५ ड्राइव्हमध्ये जेवणाच्या ताटाहून मोठी तबकडी, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद. दोन्ही हातांनी उचला. तिच्यात सुमारे अडीच मेगाबाइट मावतात. आता हिशोब करा: ४०९६ घरं, प्रत्येक घराला दोन बाइट, म्हणजे एका चित्राला आठ किलोबाइट, सोळा चित्रांचं हृदय १२८ किलोबाइट. एवढ्या मोठ्या तबकडीत वीस माणसांची हृदयं मावत नाहीत. आठ इंची फ्लॉपीत तर त्याहूनही खूप कमी. आणि लिस्ट मोड? वीस लाख किरण, प्रत्येकाचा पत्ता दोन बाइट, चाळीस लाख बाइट. एकाच माणसाची वही तबकडीबाहेर सांडली. त्यामुळे बहुतेक जण बेरजेवरच भागवतात.

जागा वाचवायची आणखी एक वाट आहे: प्रत्येक घराला दोनऐवजी एकच बाइट द्यायचा. निम्म्या जागेत काम. पण एका बाइटमध्ये २५५च्या पुढे मोजता येत नाही. दोनशे छप्पन्नावा किरण आला आणि त्याला अडवायची सोय संगणकाच्या प्रोग्राममध्ये केलेली नसेल, तर जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं घर पुन्हा शून्यावर येतं. सगळ्यात जास्त रक्त असलेली जागा पडद्यावर ठार काळी. हे माहीत नसलेला माणूस त्या काळ्या भोकात रोग शोधत बसेल.

पडद्यासमोर बसा, जॉयस्टिक धरा. पहिलं काम, चित्र गुळगुळीत करणं. एखाद्या घरात ३६ किरण मोजले गेले असतील, तर निव्वळ नशिबाने त्यात सहा-एक इकडेतिकडे होणार. मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ, असा तो कायदा आहे. म्हणून शेजारपाजाऱ्यांना विचारायचं: स्वतःच्या आकड्याला चौपट वजन, चार बाजूंच्या घरांना दुप्पट, चार कोपऱ्यांना एकेक, बेरजेला १६ने भाग. सगळ्या घरांसाठी हे केलं की खडबड निवते आणि कडाही थोड्या पुसतात. दोनदा केलं की चित्र आणखी देखणं होतं आणि आणखी पुसट. किती वेळा करायचं, हे यंत्र सांगत नाही.

दुसरं काम, डाव्या जवनिकेभोवती, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याभोवती, रेघ काढणं, एकदा हृदय पूर्ण भरलेलं असताना, एकदा आकुंचन पावलेलं असताना. समजा पहिल्या रेघेत १०,००० किरण भरले, दुसरीत ५,४००. म्हणजे प्रत्येक ठोक्याला ४६ टक्के रक्त बाहेर पडतं? थांबा. पुढच्या-मागच्या फुप्फुसांतलं, छातीच्या भिंतीतलं रक्तही तुमच्या रेघेत मोजलं गेलंय. जवनिकेच्या कुशीला चंद्रकोरीसारखा तुकडा आखा, त्यावरून अंदाज बांधा. समजा २,००० निघाले. ते दोन्हींतून वजा केले की ८,००० आणि ३,४००, म्हणजे ५७.५ टक्के. सेहेचाळीस म्हटलं असतं तर डॉक्टरच्या कपाळावर आठी उमटली असती. साडेसत्तावन्नला तो पुढच्या रुग्णाकडे वळतो. फरक तुम्ही चंद्रकोर कुठे काढलीत, एवढाच. संगणकाने भागाकार बिनचूक केला, हे खरं. पण तो काय भागतोय ते तुमच्या मनगटाने ठरवलं.

बेथेस्डातल्या त्या सायकलचं पुढे काय झालं, ते जाता जाता. १९७७मध्ये जेफ्री बोरर यांनी याच सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की निरोगी माणसाचा हा टक्केवारीचा आकडा व्यायामात वर जातो. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांचा बहुधा वर जात नाही, किंवा घसरतो, विश्रांतीत तो अगदी ठीक असला तरी. नळी न घालता, छाती न उघडता. मोजणीने ते सांगितलं.

आता मुंबईला या. परळला, जिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे. देशातलं पहिलं पेट स्कॅनिंगही इथेच, २००२मध्ये सुरू झालं. पेटमध्ये किरण जोडीने सुटतात, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना, आणि कड्यातल्या समोरासमोरच्या दोन क्रिस्टलना काही नॅनोसेकंदांच्या आत जाणवले तरच ती जोडी धरली जाते. पत्ता मिळतो तो ठिपक्याचा नाही, एका रेषेचा. लाखो रेषांवरून शरीर उभं करताना संगणक आधी एक ढोबळ अंदाज मांडतो, हा अंदाज खरा असता तर कोणत्या रेषा आल्या असत्या ते काढतो, आलेल्यांशी ताडतो, सुधारतो, पुन्हा ताडतो. शेप आणि वार्डी यांनी हे गणित १९८२मध्ये मांडलं. हडसन आणि लार्किन यांनी १९९४मध्ये रेषांचे गट पाडून त्याला रोजच्या वापराइतकं झपाट्याचं केलं. निकाल लोण्यासारखा दिसतो. मला खरं तर ते १९७६चे खडबडीत चौकोन जास्त विश्वासाचे वाटतात. ते निदान कबूल तरी करत होते की आम्ही मोजणी आहोत.

शेवटचा मुक्काम जवळच, शहरातल्याच एका हॉस्पिटलात, आजच्या संध्याकाळी. टेबलावर सत्तरीचे एक गृहस्थ, दोन्ही हात डोक्यावर घेतलेले, छातीवर ईसीजीच्या त्याच तारा.

“चालू झालं का हो?” ते विचारतात.

“कधीच झालं, काका. आवाज नसतो याचा. हात खाली नाही आणायचे, पाचच मिनिटं.”

काचेपलीकडे टेक्निशियन बाईंच्या पडद्यावर आकडा पळतोय. आता प्रत्येक किरणाची वही ठेवली जाते, जागेची चिंता नाही. काकांचे दोन-तीन ठोके अवेळी आले. बाईंनी ते वहीतून वगळून पुन्हा मांडणी केली, अर्ध्या मिनिटात, काकांना न हलवता. चित्रं डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या स्वरूपात हॉस्पिटलच्या सर्व्हरला गेली. काका शर्टाची बटणं लावून सुनेबरोबर लिफ्टकडे निघालेत. अंगातलं टेक्नेशियम रात्री झोपेपर्यंत निम्म्याच्याही खाली येईल.

बाजूच्या खुर्चीतला शिकाऊ मुलगा विचारतो, “मॅडम, डिस्क नव्वद टक्के दाखवतेय. मागच्या महिन्याच्या लिस्ट फाइल्स आहेत अजून. उडवू?”

“चित्रं गेलीत ना सर्व्हरला?”

“गेलीत.”

“मग उडव.”