पाणी, डिंक आणि अजिंठ्याची भिंत

एका पेल्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळा. ते दिसेनासे होते. दुसऱ्या पेल्यात तेवढाच गेरू टाका. पाणी लाल होईल. पण पेला रात्रभर तसाच राहू द्या, म्हणजे सकाळी गेरू तळाशी आणि वर निवळ पाणी दिसेल. मीठ विरघळले, गेरू नुसता कालवला गेला. या लहानशा फरकावर आपल्या मराठवाड्यातील एक थोर ठेवा टिकून आहे, असे सांगितले तर वाचकहो, तुम्हांला नवल वाटेल. हा ठेवा म्हणजे अजिंठ्याची चित्रे.

विरघळणे म्हणजे काय, हे आधी पाहू. पाण्याच्या रेणूच्या एका अंगाला किंचित ऋण विद्युतभार असतो आणि दुसऱ्या अंगाला धन. त्यामुळे हे रेणू एकमेकांना धरून असतात. माळेगावच्या जत्रेत एका घरची माणसे हात धरून चालतात ना, तसे! मिठाचे कणही धन आणि ऋण अशा दोन जातींचे. पाणी दोघांनाही वेढते आणि ओढून सुटे करते. साखर आणि डिंक यांनाही पाण्याशी हात मिळवता येतो. तेलाला असे हातच नाहीत; म्हणून पाणी त्याला आपल्यात घेत नाही. गेरूची गोष्ट निराळी. त्यातील लोह आणि ऑक्सिजन यांची पकड इतकी घट्ट की, पाण्याची ओढ तिथे अपुरी पडते.

आता अजिंठ्याला चला. तिथली सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, आणि बहुतेक वाकाटकांच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकातील. त्या कारागिरांनी खडबडीत कातळावर मातीचा गिलावा दिला. त्यात भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू मिसळले, वर पातळ पांढरा हात दिला आणि मग रंग भरले. लाल आणि पिवळा रंग गेरूच्या जातीच्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. निळा तेवढा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा. यांतला एकही रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणून तर दीड हजार पावसाळे गेले, तरी लाल तो लालच राहिला.

पण नुसता न विरघळणारा रंग भिंतीला धरून कसा राहील? त्यासाठी त्यात सरस किंवा डिंकासारखा चिकट पदार्थ मिसळावा लागतो, आणि तो पाण्याने सुटतो. म्हणजे रंग अभेद्य, पण त्याला धरून ठेवणारा हात कच्चा! कातळातून झिरपणारे पावसाचे पाणी किंवा दाटलेला दमट वारा रंगाला खात नाही. तो सरस सैल करतो आणि मातीचा गिलावा फुगवतो. मग रंगाच्या खपल्या पडतात.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. पुढे रॉबर्ट गिल आणि मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी चित्रांच्या नकला केल्या. गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ साली आणि ग्रिफिथ्स यांच्या अनेक नकला १८८५ साली विलायतेत आगीत जळाल्या. म्हणजे मूळ भिंत राखणे आणखीच महत्त्वाचे झाले. त्या वेळी अजिंठा आणि आपले नांदेड दोन्ही निजामाच्या राज्यात होती. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, हे मोठेच काम झाले. त्याचबरोबर चित्रांवर लाखेचे वार्निश चढवले.

लाखच का? कारण ती पाण्यात विरघळत नाही. सुतार चपडा लाख पाण्यात नव्हे, स्पिरिटमध्ये भिजवतो, ते याचसाठी. स्पिरिटच्या रेणूचे एक अंग पाण्यासारखे आणि दुसरे तेलासारखे. त्यामुळे लाखेशी त्याचे जमते. पाण्यापासून राखण करायला लाख योग्य, हा हिशेब दिसायला बरोबर होता. पण काळाने लाख पिवळी-तपकिरी पडली, तिच्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि चित्रे झाकोळली. ती पाण्याने धुता येईना. पाण्याने सरस सुटेल, लाख मात्र राहील! हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आली. त्याच्या रसायनतज्ज्ञांनी वार्निश विरघळेल पण चित्राला धक्का लागणार नाही, असे द्रव निवडून, बोटभर बोटभर जागा साफ करीत नेली.

गुरुजींनो, हा धडा अजिंठ्यापुरता नाही. आपल्या गावोगावच्या घरांत जुन्या पोथ्या आणि मोडीचे कागद पेट्यांत पडून आहेत. त्यांची शाई पुष्कळदा काजळी आणि डिंक यांची असते. काजळी न विरघळणारी, डिंक विरघळणारा, जोडी तीच. धूळ बसली म्हणून ओले फडके फिरवाल, तर डिंक सुटेल आणि त्याबरोबर अक्षर निघून जाईल. जमिनीचा एखादा जुना हक्क, एखाद्या घराण्याची वंशावळ एका पुसण्यात जाते. म्हणून कागद कोरडा ठेवा, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा, आणि भिजलाच तर न चोळता सावलीत वाळू द्या. मुलांना मीठ-गेरूचा प्रयोग दाखवाल, तेव्हा हेही जरूर सांगा.