ग्रंथावरील स्वाक्षरी आणि इतिहासाची साक्ष

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हे धानपट्ट्यातील तालुक्याचे गाव. १९९९ पर्यंत हा परिसर भंडारा जिल्ह्यात मोडत असे. याच भंडाऱ्यातून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. तीत त्यांचा पराभव झाला. परंतु ज्या जिल्ह्याने चळवळीचा तो काळ पाहिला, तेथील घरांतील जुन्या पेट्यांत त्या काळची पुस्तके व पत्रके असणे स्वाभाविक आहे. अशा एखाद्या ग्रंथावर थोर पुरुषाची स्वाक्षरी आढळली, तर त्या ग्रंथाचे काय करावे?

राष्ट्रपुरुषांच्या संग्रहातील स्वाक्षरीचे ग्रंथ जमविण्याचा छंद जगभर आहे व लिलावात त्यांना मोठी किंमत येते. परंतु त्यांचे खरे मोल निराळे आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या थॉमस जेफरसन यांनी १८१५ साली आपले ६,४८७ ग्रंथ तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाला विकले. त्या काळी प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापखाना ओळीने एकेक अक्षर छापीत असे. 'आय' हेच अक्षर 'जे'साठीही चाले. जेफरसन त्याच्या आधी 'टी' लिहीत आणि 'टी' या अक्षरापुढे 'जे' लिहीत. १८५१ च्या आगीत त्यांचे बहुतेक ग्रंथ जळाले. जे वाचले, त्यांची ओळख पटविण्यास या लहानशा खुणाच कामी आल्या.

बाबासाहेबांच्या ग्रंथांविषयी हे अधिकच खरे आहे. ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' उभारले. १९४६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांचे अनेक ग्रंथ जतन झाले आहेत. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या ग्रंथांच्या प्रतींवर बाबासाहेबांच्या हातची अधोरेखने आहेत. ड्युई यांच्या १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथातील विचार १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये कसे उतरले, हे अभ्यासकांना या प्रतींच्या आधारे दाखविता आले. स्वाक्षरी मालकी सांगते. समासातील रेघ विचाराची वाट सांगते.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र विद्यार्थी भीमरावांना सत्कारसभेत भेट दिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु हा प्रसंग केव्हाचा? चरित्रकार तो १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेनंतरचा मानतात; 'द बुद्धा अँड हिज धम्मा'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र स्वतः बाबासाहेब इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख करतात. अशा मतभेदाचा निर्णय भेटीच्या प्रतीवर तारखेसह लिहिलेली एक ओळही लावू शकते. इतिहासात पहिल्या कोऱ्या पानाचे महत्त्व इतके आहे.

बौद्ध परंपरेत चेतियाचे शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. तथागतांनी वापरलेल्या वस्तू पारिभोगिक होत. त्या न्यायाने बाबासाहेबांच्या हातातला ग्रंथ आपल्याला आदरणीय वाटणे योग्यच आहे. नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात त्यांच्या वापरातील वस्तू याच भावनेने जपल्या आहेत. तथापि, महापरिनिर्वाणानंतर धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे भगवंतांनी भिक्खूंना सांगितले होते. ग्रंथाला हार घालून तो कपाटात बंद केला, तर आपण पुरावाही गमावतो आणि विचारही. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन नुसते पूजेला ठेवले असते, तर १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले खंड आपल्या हाती आले नसते.

म्हणून गोरेगावसारख्या ठिकाणच्या उपासक-उपासिकांना विनंती आहे. घरातील जुना ग्रंथ रद्दीत देऊ नये आणि स्वाक्षरीच्या मोहाने घाईने विकूही नये. बाजारात बनावट स्वाक्षऱ्याही असतात. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, नवी बांधणी करताना कोरी पाने काढून टाकू नयेत. पावसाळ्यातील ओल व वाळवी यांपासून ग्रंथ दूर ठेवावा. तो कोणाकडून, केव्हा व कसा आला, हे घरातील वयोवृद्धांना विचारून वेगळ्या कागदावर लिहावे. विहारात अशा ग्रंथांची एक नोंदवही ठेवावी. ग्रंथ घरीच राहिला, तरी त्याची नोंद समाजाची होईल.

आपल्या पूर्वजांना शतकानुशतके अक्षराचा अधिकार नाकारला गेला. त्यांच्या वंशजांच्या घरी आज स्वाक्षरीचा ग्रंथ असणे हीच एक ऐतिहासिक घटना आहे. ती वाळवीच्या स्वाधीन करण्याचा अधिकार आपल्याला नाही.