अजमलीन : एका हकिमाच्या नावाचे औषध

माझी भाची एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या दिवसांत तिने स्वयंपाकघराच्या दारावर औषधांच्या वर्गांचा एक तक्ता चिकटवला होता. रक्तदाबाच्या रकान्यात नावांच्या शेपटावरून वर्ग ओळखायची युक्ती लिहिली होती. 'प्रिल' म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य शरीरात तयारच होऊ न देणारी औषधे. 'सार्टन' म्हणजे ते द्रव्य तयार झाले तरी त्याचा परिणाम अडवणारी. 'डिपीन' म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू न देणारी. 'लोल' म्हणजे हृदयाचे ठोके आणि जोर कमी करणारी. शेवटी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी.

आमच्या खाला तो तक्ता बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारले, "यात आपल्या हकीम लोकांचं औषध कुठाय गं?"

प्रश्न साधा नव्हता. दोन वर्षांपूर्वी खालांनी रक्तदाबाची गोळी बंद करून कुणीतरी दिलेली पुडी सुरू केली होती. "युनानी आहे, नुकसान करत नाही," एवढ्या भरवशावर. एका पहाटे बोलताना त्यांची जीभ अडखळली आणि आम्ही धावतपळत दवाखाना गाठला. त्या वाचल्या. पण तेव्हापासून घरात दोन तट पडले. एक म्हणतो, हिकमत म्हणजे भूलथापा. दुसरा म्हणतो, सगळे आपल्या बुजुर्गांना आधीच ठाऊक होते. खालांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका मुळीचा इतिहास सापडला. त्यात या दोन्ही तटांना उत्तर आहे.

आधी हे सांगायला हवे की औषधांचे वर्ग पाडणे ही आजची गोष्ट नाही. युनानी तिब्बमध्ये लघवी साफ करणारे ते 'मुदिर्र', जुलाब करणारे 'मुसहिल', झोप आणणारे 'मुनव्विम', वेदना वा अस्वस्थता शमवणारे 'मुसक्किन' असे वर्ग शतकानुशतके शिकवले गेले. इब्न सिना (मृत्यू 1037) यांच्या 'अल-कानून'चा दुसरा भाग एकेरी औषधांवर आहे. औषध कसे पारखावे याचे नियम त्यांनी त्यात दिले आहेत. औषध एका वेळी एकाच साध्या आजारावर वापरून पाहा, गुंतागुंतीच्या आजारावर नको. परिणाम दर वेळी दिसतो की एखाद्या वेळी योगायोगाने, ते बघा. आणि शेवटी माणसावरच पारखा, कारण सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेला परिणाम माणसावर दिसेलच असे नाही.

म्हणजे पारख हा तिब्बचा जुना शिरस्ता आहे. मात्र हे वर्ग परिणामावरून पाडलेले होते. औषधाने काय होते ते त्यातून कळत होते, कसे होते ते कळत नव्हते.

आता त्या मुळीकडे येऊ. सर्पगंधा आपल्या सह्याद्रीतही उगवते. आयुर्वेदात ती आहे, आणि युनानी हकीम तिला 'असरोल' म्हणतात. उत्तर भारतातल्या खेड्यांत तिला 'पागल की दवा' असेच नाव पडले होते. वनस्पतिशास्त्रात ती 'राउवोल्फिया'. हे नाव लिओनहार्ड राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिलेले. हा गृहस्थ औषधी वनस्पतींच्या शोधात हलब आणि बगदादपर्यंत भटकला, पण हिंदुस्थानात कधी आलाच नाही.

या मुळीला प्रयोगशाळेत नेण्याचे काम एका हकिमाच्या आग्रहातून झाले, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. दिल्लीचे हकीम अजमल खान हे शरीफखानी घराण्याचे नामांकित वारस, जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती आणि 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष. लोकांनी त्यांना 'मसीह-उल-मुल्क' म्हटले. त्यांनी दिल्लीत उभारलेल्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन 1921 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तिथे आयुर्वेद आणि युनानी एकाच छताखाली शिकवले जात. पण अजमल खान एवढ्यावर थांबले नाहीत. बुजुर्गांची औषधे आधुनिक रसायनशास्त्राने तपासली गेली पाहिजेत, असा त्यांचा ध्यास होता. त्यांनी यासाठी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाला हेरले. सिद्दीकी अलीगढला शिकले आणि जर्मनीत फ्रँकफर्टला जाऊन 1927 मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था उभारायचे काम त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अजमल खान यांचे निधन झाले. संस्थेचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सिद्दीकींनी सर्पगंधेची मुळी हाती घेतली आणि 1931 मध्ये तिच्यातून काही शुद्ध क्षारद्रव्ये वेगळी केली. त्यातल्या एकाचे नाव त्यांनी ठेवले 'अजमलीन'. उस्तादाला शागिर्दाने दिलेला याहून मोठा नजराणा मला माहीत नाही. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्य-डॉक्टरांनी ही मुळी वेडावर आणि वाढत्या रक्तदाबावर चालते, असा लेख प्रसिद्ध केला.

पुढचा दुवा आपल्या मुंबईतला आहे. रुस्तम जाल वकील हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या छापल्या. जगाचे लक्ष गेले ते तेव्हा. 1957 मध्ये त्यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच मुळीतून रक्तदाब उतरवणारे मुख्य द्रव्य वेगळे केले, ते 'रिसर्पीन'. दोनच वर्षांत नॅथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये ते मनोरुग्णांवर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. खेड्यातल्या 'पागल की दवा'ला तथ्य होते.

पण एकच द्रव्य रक्तदाब आणि वेड या दोन्हींवर कसे चालते? मज्जातंतूंच्या टोकांना बारीक पिशव्या असतात आणि त्यांत संदेश नेणारी द्रव्ये साठवलेली असतात. रिसर्पीन हा साठाच होऊ देत नाही. साठा आटला की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि मेंदूतली खळबळही मंदावते. याच गुणात त्याचा अवगुण दडला होता. काही रुग्णांचे नाक चोंदे, काहींना सुस्ती येई आणि काही खोल उदासीत जात. ही उदासी किती जणांत आणि कितपत थेट औषधामुळे, यावर आजही वाद आहे. मात्र त्या निरीक्षणाने उदासीच्या आजाराकडे मेंदूतल्या रसायनांच्या अंगाने बघायला शिकवले. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी रिसर्पीन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हलते केले. त्या वाटेने पार्किन्सन्सचे औषध आले आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळाले.

आणि अजमलीन? ते आपल्या सख्ख्या भावंडापेक्षा अगदी वेगळे निघाले. ते हृदयाच्या पेशींतला सोडियमचा प्रवाह अडवते, म्हणून आज त्याची जागा हृदयाची लय सुधारणाऱ्या औषधांच्या पहिल्या वर्गात आहे. ब्रुगाडा नावाचा छुपा, जीवघेणा हृदयविकार ईसीजीवर उघड करण्यासाठी काही देशांत ते शिरेतून देऊन तपासणी करतात. ज्या मुळीला आपण एकच औषध समजत होतो, तिच्यात निरनिराळ्या वर्गांची औषधे एकत्र नांदत होती. कोणत्या पुडीत कशाचे प्रमाण किती, हे जिभेला कळत नाही आणि हकिमाच्या डोळ्यालाही दिसत नाही. म्हणून 'जडीबुटी आहे, नुकसान करत नाही' हे वाक्य खोटे आहे. ज्यात गुण आहे त्यात अवगुणही असणार.

रिसर्पीन आता मागे पडले. त्याच्याहून निर्धोक औषधे आली, ती भाचीच्या तक्त्यात आहेत. मी खालांना हे सगळे सांगितले. हकीम लोकांचे औषध तक्त्यात आहे, फक्त रक्तदाबाच्या रकान्यात नाही, हृदयाच्या लयीच्या रकान्यात आहे. आणि ते तिथवर पोहोचले कारण एका मोठ्या हकिमाने आपल्याच विद्येची परीक्षा घेण्याची हिंमत दाखवली.

खालांनी ऐकून घेतले. मग भाचीला म्हणाल्या, "तुझ्या त्या कागदावर अजमलसाहेबांचं नाव लिही." तिने लाल पेनने लिहिले. त्यानंतर खालांनी पाण्याचा पेला मागवला आणि रात्रीची गोळी घेतली.