स्थलांतरित कामगार साहाय्य, बंगळुरू
बंगळुरूतील बांधकामांवर उत्तर कर्नाटकाप्रमाणेच ओडिशा, बिहार व पश्चिम बंगालमधून आलेले मजूर राबतात. त्यांना कायदा, निवारा व भाषा यांबाबत आधार देण्याचे मोलाचे काम स्वयंसेवी संस्था, म्हणजे नफ्याविना लोकहितासाठी चालणाऱ्या संघटना, करतात. बांधकाम कामगार कल्याण मंडळाचा लाभार्थी होण्यास मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेले असावे लागते. मात्र त्याचा दाखला देण्यास मुकादम टाळाटाळ करतात आणि कन्नड कागदपत्रे परप्रांतीयास वाचता येत नाहीत, म्हणून कार्यकर्ते अर्ज समजावून भरून देतात. ‘संपर्क’ संस्था मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरेही चालवते. मे २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, राज्य शासनाने गावी परतणाऱ्या मजुरांच्या विशेष रेल्वेगाड्या रद्द करविल्या, हा उघड अन्याय होता. तीव्र टीकेनंतर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला.